शेवंडीच्या गंधपेशीतले विद्युतप्रवाह: पहिल्यांदा पॅच क्लॅम्प करणाऱ्यांसाठी

पॅच क्लॅम्प म्हणजे काचेची अतिबारीक टोकाची नळी (पिपेट) पेशीच्या पटलाला चिकटवून पेशीचं व्होल्टेज आपल्या ताब्यात ठेवायचं आणि वाहणारा प्रवाह मोजायचा. शेवंडीच्या गंधग्राही चेतापेशीला पिपेट लावून व्होल्टेजची एक पायरी दिली की पडद्यावर एकच रेघ उमटते. आधी खाली एक बारीक टोकदार खड्डा, मग वर चढत जाणारा मोठा फुगवटा. ही एक रेघ म्हणजे चार वेगवेगळ्या प्रवाहांची बेरीज असते, शिवाय गळतीचा पाचवा प्रवाह त्यात मिसळलेला असतो. फुगवटा इतका मोठा असतो की खड्ड्याचा बराचसा भाग तो गिळून टाकतो. ही बेरीज सोडवायची कशी आणि सोडवताना फसगत कुठे होते, ते इथे क्रमाने दिलं आहे.

इथले आकडे कॅरिबियन काटेरी शेवंडीचे, म्हणजे पॅन्युलिरस आर्गसचे आहेत. या प्राण्याच्या गंधपेशींवर सगळ्यात सलग काम फ्लोरिडातल्या व्हिटनी प्रयोगशाळेत, बॅरी एश यांच्या गटात झालं. मॅकक्लिंटॉक आणि एश यांनी १९८९ मध्ये पेशीकायेतले प्रवाह एकेक करून वेगळे केले. नवशिक्याने आपले आकडे आधी त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. मुंबई-रत्नागिरीकडे मिळणारी शेवंड ही पॅन्युलिरस पॉलिफेगस, आर्गसची चुलत बहीण. तिच्यावर काम करायचं असेल तर कृती हीच चालेल, पण आर्गसचे आकडे तिच्या नावावर खपवू नका.

प्राणी कसा निवडावा

कवच कडक झालेली, दोन कातींच्या मधल्या काळातली शेवंड घ्या. कात टाकायच्या बेतात असलेल्या किंवा नुकतीच टाकलेल्या प्राण्याच्या शृंगिकेत ऊतीची उलथापालथ चालू असते आणि पेशींची एकमेकींशी तुलना करता येत नाही. गालाजवळचं कवच बोटाने दाबून पाहा, दबलं तर तो प्राणी महिनाभर टाकीत राहू द्या. पोटाखाली अंडी असलेली मादी घेऊच नका.

पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता उतरते. तेव्हा आणलेला प्राणी थेट कामाला न घेता एकाच क्षारतेच्या टाकीत काही दिवस ठेवा आणि त्याच्या रक्तद्रवाची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) एकदा मोजून घ्या. बाहेरचं द्रावण त्या आकड्याला जुळवायचं आहे.

पेशी नेमक्या असतात कुठे

शेवंडीच्या लांब, काटेरी मिशा सगळ्यांना दिसतात. वास घेण्याचं मुख्य काम मात्र त्यांच्या मधल्या दोन लहान शृंगिका करतात. प्रत्येक लहान शृंगिकेला दोन शाखा असतात. त्यातल्या बाहेरच्या शाखेच्या टोकाकडच्या अर्ध्या भागावर, एकाच बाजूला, केसांचा दाट झुबका असतो. हे केस म्हणजे एस्थेटास्क. प्रत्येक केस पाऊण ते एक मिलिमीटर लांब असतो आणि त्याची भिंत इतकी पातळ की लहान रेणू सहज आत जातात. एका केसामागे सुमारे ३०० गंधपेशी असतात. त्यांच्या काया केसाच्या बुडाशी, शाखेच्या पोकळीत, घोसाने असतात. त्यांचे डेंड्राइट (संदेश घेणाऱ्या शाखा) केसात शिरून अगदी बारीक फांद्यांत विभागतात आणि अक्षतंतू मेंदूकडे जातात.

ही शाखा बुडाच्या बाजूने नवे केस घेते आणि टोकाच्या बाजूने जुने केस टाकते. त्यामुळे झुबक्याच्या बुडाशी कोवळ्या, अजून न पिकलेल्या पेशी असतात आणि टोकाशी म्हाताऱ्या. दोन्ही टोकं सोडा आणि मधला तिसरा हिस्सा घ्या. हे न पाळल्यास एकाच प्राण्यातल्या पेशी इतके वेगळे प्रवाह देतात की सरासरीला काही अर्थ उरत नाही.

कापणी

१. शेवंड बर्फात १५-२० मिनिटं ठेवा, पाय हलायचे थांबेपर्यंत. बारीक कात्रीने फक्त बाहेरची शाखा कापा. प्राणी टाकीत परत जातो आणि पुढच्या कातींत शाखा पुन्हा उगवते.

२. शाखा थंड शेवंड-सलाइनमध्ये ठेवा. एस्थेटास्कच्या दोन्ही बाजूंना जाड राखणदार केस असतात, ते चिमट्याने उपटून टाका. ते राहिले तर पुढे पिपेटच्या वाटेत येतात.

३. मधल्या भागातलं एकेक कडं ब्लेडच्या नव्या तुकड्याने आडवं कापा. केसांच्या विरुद्ध बाजूचं कवच काढा. आता घोस उघडे पडतात. ब्लेड दर चार-पाच काप झाले की बदला, कारण बोथट पातं कवच दाबतं आणि आतल्या पेशी चिरडतात.

४. पेशींवर चिकट आवरण असतं. ते न काढता गिगाओहमचं सील, म्हणजे पिपेटच्या काचेची पटलाशी घट्ट चिकटण, लागत नाही. सलाइनमध्ये पपेन ०.२५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आणि ते जागं करायला ५ मिलिमोलर सिस्टीन घालून अर्ध्या तासापासून सुरुवात करा. मग ट्रिप्सिन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, तितकाच वेळ. सिस्टीन घातल्यावर पीएच उतरतो, तो पुन्हा ७.४ ला आणल्याशिवाय वापरू नका. विकरांची प्रत्येक नवी बाटली वेगळी वागते, म्हणून बाटली बदलली की वेळ नव्याने ठरवायची.

वेळ कमी पडली तर सील १००-२०० मेगाओहमवर अडकतं. जास्त झाली तर सील पटकन लागतं, पण चोषण देऊन पटल फोडताक्षणी पेशी फुटते. चांगली पेशी १०-१५ मायक्रोमीटरची, कडा उजळ आणि पोत एकसारखा असलेली दिसते. केंद्रक ठळक गोल उठून दिसत असेल तर ती मेलेली समजा.

द्रावणं: निम्मं यश इथेच ठरतं

सस्तन प्राण्यांच्या पेशींवर काम केलेले लोक इथे पहिली चूक करतात. त्यांच्या हाताला ३०० मिलिऑस्मोलची सवय असते आणि शेवंडीचं रक्त समुद्राच्या जवळपास, १००० च्या आसपास असतं. सस्तन सलाइनमध्ये ही पेशी काही सेकंदांत फुगून फुटते. उलट बाहेर शेवंड-सलाइन आणि पिपेटमध्ये सस्तन द्रावण ठेवलं तर पटल फुटल्यावर पेशी आक्रसते आणि सीलच सुटतं.

बाहेरचं द्रावण, १ लिटरसाठी:

सोडियम क्लोराइड २६.७७ ग्रॅम (४५८ मिलिमोलर)
पोटॅशियम क्लोराइड १.०० ग्रॅम (१३.४)
सोडियम सल्फेट, निर्जल १.९० ग्रॅम (१३.४)
कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.०० ग्रॅम (१३.६)
मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट १.९९ ग्रॅम (९.८)
हेप्स, पीएच स्थिर ठेवणारं बफर, ०.७२ ग्रॅम (३)
ग्लुकोज ०.३६ ग्रॅम (२)
सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४

कॅल्शियम सगळ्यात शेवटी, ९०० मिलिलिटर पाणी झाल्यावर, ढवळत ढवळत घाला. कॅल्शियम आणि सल्फेटचे दाट साठे एकत्र ओतले तर जिप्सम खाली बसतं. ते पुन्हा विरघळायला दिवस जातो आणि तोवर तुमचं कॅल्शियम किती आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

पिपेटमधलं द्रावण, १०० मिलिलिटरसाठी:

पोटॅशियम क्लोराइड १.३४ ग्रॅम (१८० मिलिमोलर)
सोडियम क्लोराइड ०.१७५ ग्रॅम (३०)
ईजीटीए, कॅल्शियम धरून ठेवणारं, ०.४१८ ग्रॅम (११)
कॅल्शियम क्लोराइड, १ मोलर साठ्यातून ०.१ मिलिलिटर (१)
हेप्स ०.२३८ ग्रॅम (१०)
ग्लुकोज १२.५४ ग्रॅम (६९६)
ट्रिसने पीएच ७.०

ग्लुकोज इतकं का, हा प्रश्न हमखास येतो. पेशीच्या आत आयन बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी असतात. उरलेली ऑस्मोलॅलिटी तिथे लहान सेंद्रिय रेणू भरून काढतात. आपण त्यांच्या जागी ग्लुकोज घालतो. एवढी साखर स्वतःच ८ मिलिलिटरच्या आसपास जागा घेते, म्हणून ७०-८० मिलिलिटर पाण्यात विरघळवून मग १०० पर्यंत भरा. शेवटी ऑस्मोमीटरवर १००० चं प्रमाणित द्रावण लावून यंत्र तपासा आणि आतलं द्रावण बाहेरच्यापेक्षा १०-२० मिलिऑस्मोल कमी येईल असं ग्लुकोज कमी-जास्त करा. वर दिलेलं वजन सुरुवातीचं आहे, बहुतेक वेळा ते कमी करावं लागतं. द्रावण ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून १-१ मिलिलिटरच्या कुप्यांत उणे २० अंशांवर ठेवा. बाहेर राहिलेल्या गोड द्रावणात दोन दिवसांत बुरशी येते.

पीएच जुळवायला ट्रिसच का? ईजीटीए विरघळताना बरंच अल्कली खातं. तिथे पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर २० ते २५ मिलिमोलर पोटॅशियम नकळत वाढतं आणि पोटॅशियमचा समतोल-विभव (ज्या व्होल्टेजला त्या आयनाचा प्रवाह शून्य होतो) तीनेक मिलिव्होल्ट सरकतो. वापरायचंच असेल तर ते हिशेबात धरा. आतला पीएच ७.० वरून ७.४ झाला तर ईजीटीएची कॅल्शियमवरची पकड कितीतरी घट्ट होते आणि मुक्त कॅल्शियम, जे ७.० ला सुमारे ५० नॅनोमोलर असतं, ते बरंच खाली जातं. कॅल्शियमवर चालणाऱ्या पोटॅशियम चॅनेलांचा (पटलातल्या, आयन जाऊ देणाऱ्या प्रथिनांच्या वाटांचा) अभ्यास असेल तर हा फरक थेट निकालात उतरतो.

प्रयोगाआधी वहीच्या पहिल्या पानावर हे तीन आकडे लिहा. २२ अंश तापमानाला या दोन द्रावणांत सोडियमचा समतोल-विभव सुमारे अधिक ७१ मिलिव्होल्ट येतो, पोटॅशियमचा उणे ६६ आणि क्लोराइडचा उणे २३. पुढे प्रत्येक प्रवाहाची ओळख पटवायला हे लागतात.

पिपेट, तार आणि सील

बोरोसिलिकेट काच, बाहेरचा व्यास १.५ मिलिमीटर. टोक आगीवर हलकं गुळगुळीत करा. वरचं द्रावण भरून ३ ते ५ मेगाओहम प्रतिरोध यावा. साखरेमुळे द्रावण घट्ट असतं, म्हणून टोक तेच असूनही प्रतिरोध सवयीपेक्षा थोडा जास्त येईल, त्याने गडबडू नका.

संदर्भ-तार थेट कुंडात बुडवू नका. पुढे क्लोराइड बदलायचं आहे आणि चांदीची तार प्रत्येक बदलासोबत आपला विभव बदलते. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड आणि अगारचा पूल वापरा. आतलं आणि बाहेरचं द्रावण इतकं वेगळं असताना संधि-विभव (दोन द्रावणं भेटतात तिथे तयार होणारा विभव) दुर्लक्षिण्याजोगा नसतो. गणिताने काढा, एकदा प्रत्यक्ष मोजा आणि प्रत्येक आकड्यातून वजा करा. वजा केला की नाही हे आलेखाखाली लिहा.

पिपेट पाण्यात जाताना हलका दाब ठेवा. साखरेच्या द्रावणाचा अपवर्तनांक वेगळा असल्याने टोकातून निघणारी धार सूक्ष्मदर्शकात झिरमिळताना दिसते. टोक मोकळं आहे की तुंबलं हे त्यावरून ताबडतोब कळतं. पण या धारेत १८० मिलिमोलर पोटॅशियम आहे. ती पेशीवर धरून ठेवली तर पेशी सील लागायच्या आधीच विध्रुवित होते, म्हणजे तिचं ऋण व्होल्टेज कमी होतं. शेवटच्या २० मायक्रोमीटरमध्ये दाब अगदी कमी करा.

टोक टेकलं की प्रतिरोध १०-२० टक्क्यांनी वाढतो. तेव्हा दाब सोडा, हलकं चोषण द्या आणि पिपेट उणे ७० मिलिव्होल्टवर न्या. १ गिगाओहमच्या पुढे गेल्याशिवाय पटल फोडू नका, आणि खरं तर ५ च्या पुढे गेलेलं बरं. या पेशी इतक्या लहान आहेत की त्यांचा स्वतःचा प्रतिरोधही गिगाओहममध्ये असतो. सील आणि पेशी दोघांचा प्रतिरोध सारखाच असला तर उणे ७० चा विश्राम-विभव तुम्हाला उणे ३५ दिसेल. मग तुम्ही म्हणाल पेशी आजारी आहे, आणि दोष असेल सीलचा.

पटल फुटल्यावर धारिता (पटलाची विद्युतभार साठवण्याची क्षमता, ती क्षेत्रफळाबरोबर वाढते) पाहा. १२ मायक्रोमीटरच्या गोल पेशीची धारिता साडेचार पिकोफॅरडच्या आसपास यायला हवी. १५ आली तर दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या आहेत किंवा तंतूचा लांब तुकडा सोबत आला आहे.

मालिका-प्रतिरोधाचा, म्हणजे पिपेट आणि फोडलेल्या पटलाच्या वाटेतल्या प्रतिरोधाचा, हिशेब टाळू नका. १२ मेगाओहम मालिका-प्रतिरोध आणि ३ नॅनोअँपिअर प्रवाह म्हणजे ३६ मिलिव्होल्टची चूक. तुम्ही अधिक २० चा हुकूम देता आणि पेशी बसते उणे १६ वर. ७०-८० टक्के भरपाई लावा. भरपाईनंतरही ५ मिलिव्होल्टपेक्षा जास्त चूक उरत असेल तर त्या पायऱ्या बाद करा. प्रतिरोध दर दोन मिनिटांनी नोंदवा आणि तो सुरुवातीच्या दीडपट झाला की त्या पेशीवरचं काम थांबवा.

पहिली नोंद

उणे ७० वर धरा. उणे ८० ते अधिक ६० पर्यंत १० मिलिव्होल्टच्या पायऱ्या, प्रत्येक ५० मिलिसेकंद, दोन पायऱ्यांत दोन सेकंद विश्रांती. गाळणी ५ किलोहर्ट्झ, नमुने २० किलोहर्ट्झने. गळती वजा करायची असेल तर छोट्या उलट्या पायऱ्या उणे ७० च्या खालीच द्या. गळती वजा न केलेली कच्ची नोंदही जपून ठेवा, ती का लागते ते क्लोराइडच्या भागात येईल.

उणे ४० ते उणे ३० पासून आत येणारे प्रवाह सुरू व्हायला हवेत आणि उणे ३० ते उणे २० पासून बाहेर जाणारे. १९८९ च्या मोजमापांत हेच पट्टे आले होते. सगळंच १५ मिलिव्होल्ट उजवीकडे सरकलेलं दिसलं तर आधी संधि-विभव आणि मालिका-प्रतिरोध तपासा. नवं चॅनेल सापडल्याचा आनंद नंतर.

सोडियमचा प्रवाह

पिपेटमधलं पोटॅशियम काढून त्या जागी सीझियम घाला. बाहेर पोटॅशियम चॅनेल अडवणारं टेट्राएथिलअमोनियम २० मिलिमोलर घाला आणि तितकंच सोडियम क्लोराइड कमी करा. आता फुगवटा जवळजवळ जातो आणि खड्डा पूर्ण दिसतो. मग सोडियम चॅनेल अडवणारं टेट्रोडोटॉक्सिन १०० नॅनोमोलर सोडा. आधीच्या नोंदीतून नंतरची वजा केली की उरतो तो सोडियमचा प्रवाह. टेट्रोडोटॉक्सिन हे माणसाला मारणारं विष आहे आणि त्यावर उतारा नाही. हातमोजे घाला, पूड स्वतः तोलू नका, कुपीतच पाणी घालून विरघळवा.

नवशिक्याला गोंधळात पाडणारी गोष्ट इथे येते. काही पेशींत हा प्रवाह दांडगा असतो, काहींत नावालाही नसतो, आणि दोन्ही पेशी दिसायला तितक्याच निरोगी. मॅकक्लिंटॉक आणि एश यांना आढळलं की प्रवाहाचा आकार पेशीच्या आकारावर ठरत नाही. पेशीला तंतूचा, बहुधा अक्षतंतूचा, तुकडा चिकटलेला आहे का यावर तो ठरतो. म्हणजे सोडियम चॅनेल मुख्यतः तंतूत असतात. म्हणून प्रत्येक पेशीचं छायाचित्र घ्या आणि तुकडा आहे की नाही, अंदाजे किती लांब, हे नोंदवा. प्रवाह भागिले धारिता असा आकडा काढून सगळ्या पेशी एका ढिगात टाकल्या तर तुम्ही जीवशास्त्र मोजत नसता, आपल्या कापणीतली धसमुसळेपणाची पातळी मोजत असता.

तुकडा लांब असेल तर दुसरी अडचण. पेशीकायेचं व्होल्टेज तुमच्या ताब्यात असतं, तुकड्याच्या टोकाचं नसतं. मग प्रवाह पायरीगणिक हळूहळू वाढण्याऐवजी एका पायरीला काहीच नाही आणि पुढच्या पायरीला एकदम पूर्ण, अशी उडी मारतो, तीही थोड्या उशिराने. अशी नोंद सोडियमचा प्रवाह आहे एवढंच सांगते. तिच्यावरून सक्रियतेची वक्ररेषा काढू नका. त्यासाठी ज्या पेशींचा तुकडा एका पेशीव्यासापेक्षा लहान आहे त्याच घ्या.

निष्क्रियता (व्होल्टेज तसंच असूनही चॅनेल बंद पडणं) मोजताना उणे १०० ते उणे १० पर्यंतच्या पूर्वपायऱ्या ५०-१०० मिलिसेकंद द्या आणि मग उणे १० ची चाचणी-पायरी. अर्धी चॅनेल उणे ४० ला निष्क्रिय व्हायला हवीत. निष्क्रियतेतून सुटका फार चटकन होते, निम्मा प्रवाह १.७ मिलिसेकंदांत परततो. जोडपायऱ्यांमधलं अंतर ०.५ मिलिसेकंदापासून सुरू केलं नाही तर वक्ररेषेचा चढ हाती लागणारच नाही.

कॅल्शियमचा प्रवाह

हा सगळ्यात लहान आणि सगळ्यात नाजूक. सीझियम आणि टेट्राएथिलअमोनियम तसंच ठेवा, टेट्रोडोटॉक्सिन चालू ठेवा. जो हळू उतरणारा आतला प्रवाह उरेल तो कॅल्शियम चॅनेल अडवणाऱ्या कॅडमियमने, २०० मायक्रोमोलरला, जायला हवा.

प्रवाह मोठा करायला कॅल्शियमच्या जागी बेरियम घालायची जुनी युक्ती आहे. ती इथे तशीच वापरली तर फसते, कारण सलाइनमध्ये सल्फेट आहे. बेरियम सल्फेटचा पांढरा गाळ पेशींवर बसतो आणि तुम्ही घातलेलं बेरियम द्रावणात राहतच नाही. बेरियमच्या द्रावणात सोडियम सल्फेट गाळा, त्याजागी सोडियम क्लोराइड घाला, आणि बदल करण्यापूर्वी कुंड सल्फेट नसलेल्या द्रावणाने दोन-तीनदा धुऊन घ्या.

पटल फुटल्यापासून हा प्रवाह आटत जातो. पिपेटमध्ये १ ते ३ मिलिमोलर मॅग्नेशियम-एटीपी ताजं घाला आणि ही नोंद सगळ्यात आधी करा. कॅडमियमचं काम संपल्यावर प्रवाहाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकाराची तुलना करा. औषध न देताच प्रवाह तितका आटत असेल तर कॅडमियमने गेला असं म्हणता येत नाही.

पोटॅशियमचे दोन प्रवाह

पिपेटमध्ये पुन्हा पोटॅशियम. टेट्रोडोटॉक्सिन घाला, पायऱ्या १०० मिलिसेकंद करा. मग कॅडमियम द्या. जो भाग गेला तो कॅल्शियमवर चालणारा पोटॅशियमचा प्रवाह आणि जो उरला तो विलंबित दिष्टकारी, म्हणजे व्होल्टेजने उघडणारा उशिरा येणारा प्रवाह. पहिल्याची खूण अशी की फार धन व्होल्टेजला तो वाढायचा थांबतो आणि उतरूही लागतो, कारण तिथे कॅल्शियम आत शिरायला ओढच उरत नाही. दुसरा चढतच राहतो.

दोन्ही पोटॅशियमचेच आहेत याची खात्री शेपटीच्या प्रवाहांनी, म्हणजे पायरी संपल्यावर चॅनेल बंद होईपर्यंत उरणाऱ्या प्रवाहांनी, करा. अधिक २० वर ३० मिलिसेकंद, मग उणे १०० ते उणे ३० पर्यंत वेगवेगळ्या व्होल्टेजला परत. शेपटीची दिशा उणे ६६ च्या आसपास बदलायला हवी. उणे ५० ला बदलत असेल तर पायरी लांब झाल्याने पेशीबाहेर पोटॅशियम साचलं असेल. पायरी १० मिलिसेकंद करून पाहा. तरी आकडा सुधारला नाही तर क्लोराइड मिसळलंय.

सील टिकावं म्हणून पिपेटमध्ये फ्लोराइड घालणारे बरेच असतात. या पेशीत ते टाळा. विलंबित दिष्टकारी प्रवाह जी-प्रथिनं (पेशीच्या आत निरोप पोचवणारी प्रथिनं) जागी केली की घटतो, आणि जी-प्रथिनं जागी करणाऱ्या पदार्थांत अॅल्युमिनियम फ्लोराइड आहे. काचेतून सुटणारं लेशमात्र अॅल्युमिनियम आणि तुमचं फ्लोराइड मिळून ते पिपेटमध्येच तयार होऊ शकतं. प्रवाह हळूहळू घटत जातो आणि माणूस त्याला आटणं समजून सोडून देतो.

क्लोराइडची गळती

गळती म्हटलं की ती सीलची असं धरून वजा करून टाकायची सवय असते. या पेशीत तसं करू नका. हिच्यात व्होल्टेजशी काही देणंघेणं नसलेली क्लोराइडची चॅनेल आहेत, सतत थोडी उघडी, आणि पेशीचं व्होल्टेज स्थिर ठेवण्यात त्यांचा वाटा असावा. कच्ची नोंद घ्या. बाहेरचं क्लोराइड निम्मं करा, म्हणजे ५१८ वरून २५९ मिलिमोलर. समतोल-विभव उणे २३ वरून उणे ५ ला यायला हवा. गळतीची रेघ शून्याला जिथे छेदते ती जागा त्या दिशेने सरकली तर त्यात खरा क्लोराइड आहे. सीलमधून होणाऱ्या गळतीचा छेद शून्याच्या जवळपास असतो. क्लोराइडच्या जागी ग्लुकोनेट घालत असाल तर ग्लुकोनेट कॅल्शियमला धरून ठेवतं हे लक्षात ठेवा आणि कॅल्शियम थोडं वाढवा.

एकेक चॅनेल पाहायचं असेल तर

पटलाचा तुकडा काढून पाहिल्यास तीन उंचीच्या उड्या दिसतात. कॅल्शियमवर चालणारं पोटॅशियम चॅनेल २१५ पिकोसीमेन्सचं (सीमेन्स हे वाहकतेचं एकक), क्लोराइडचं ३५ चं आणि विलंबित दिष्टकारी ९.७ चं. ५० मिलिव्होल्ट ओढ असताना यांच्या उड्या अनुक्रमे १०.८, १.८ आणि ०.५ पिकोअँपिअर होतात. पहिली कुणालाही दिसेल. तिसरीसाठी गाळणी १ किलोहर्ट्झवर आणा, पिपेटच्या टोकाजवळपर्यंत सिल्गार्डचा (विद्युतरोधक सिलिकॉनचा) लेप द्या आणि कुंडातली पाण्याची पातळी शक्य तितकी खाली ठेवा.

गंध देताना

आधीच्या सगळ्या प्रवाहांची ओळख पटल्यावरच इकडे या. वास ओळखणारी प्रथिनं डेंड्राइटच्या बाहेरच्या बारीक फांद्यांत असतात, तर पिपेट असते कायेवर. उणे ४० च्या खाली कायेत व्होल्टेजने उघडणारा आतला प्रवाह सापडला नाही, म्हणजे गंधाचा विभव काया ओलांडून अक्षतंतूकडे निष्क्रियपणेच पसरत असावा. केस शाबूत असलेलं कडं घेतलंत तरच गंधाच्या उत्तराची आशा धरा. गंध केसांवर सोडा, कायेवर नाही. एकाच पेशीला एक गंध उत्तेजित करतो आणि दुसरा दाबतो असंही इथे घडतं, म्हणून मिश्रणाला उत्तर आलं नाही याचा अर्थ पेशी बहिरी आहे असा काढू नका, घटक एकेक करून द्या.

माशांच्या खाद्याचा अर्क हा सोयीचा गंध आहे. सलाइनमध्ये भिजवा, गाळा, पीएच आणि ऑस्मोलॅलिटी सलाइनला जुळवा. आता दोन फसवणुकी. अर्कात पोटॅशियम भरपूर असतं, आणि पेशीभोवती पोटॅशियम वाढलं की गंधाशी संबंध नसलेला आतला प्रवाह दिसतो. अर्कातलं पोटॅशियम मोजा आणि तेवढंच पोटॅशियम घातलेलं साधं सलाइन आधी देऊन पाहा. दुसरी फसवणूक हिस्टामिनची. बांगडा किंवा कुपा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात ते त्यामुळेच. शेवंडीच्या गंधपेशीत हिस्टामिन थेट एक क्लोराइड चॅनेल उघडतं. शिळ्या माशाचा अर्क दिला तर तुम्हाला सुंदर, पुन्हा पुन्हा येणारं उत्तर मिळेल आणि ते उणे २३ ला दिशा बदलेल. तो वास नव्हे. अर्क ताज्या मालाचा, लगेच गोठवलेला घ्या.

गंध नसलेलं सलाइन त्याच नळीतून, त्याच वेगाने, दर तिसऱ्या वेळी द्या. नुसत्या प्रवाहाच्या धक्क्यानेही सील हलतं.

काम संपल्यावर

कॅडमियमचं पाणी बेसिनमध्ये नाही, जड धातूंच्या डब्यात. टेट्रोडोटॉक्सिन लागलेली भांडी ताज्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवा. सूक्ष्मदर्शकाचा मंच, पिपेटचा धारक आणि वस्तुभिंगाची कडा ऊर्ध्वपातित पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने पुसा. समुद्राइतकं खारट द्रावण रात्रभरात पितळेवर हिरवं चढवतं आणि दुसऱ्या दिवशी पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट शोधत तुम्ही अर्धा दिवस घालवता. धारकातली चांदीची तार काळपट-जांभळी दिसते तोवर ठीक, चमकू लागली की खरडून पुन्हा ब्लीचमध्ये बुडवा.